हायवेवरची झोप

रात्री अकराला बेळगावच्या बायपासवर पिशवी घेऊन ट्रकची वाट बघत उभं राहायचं माझं वय आता राहिलेलं नाही. घरच्यांनी दहा वेळा विचारलं, "सकाळच्या बसनं जायला काय होतं?" त्यांना काय सांगणार? निपाणीजवळच्या खेड्यात मामांना भेटायला जायचं होतं, आणि मामांकडं जायचं तर ट्रकमधूनच, असं मनानं घेतलं होतं.

मामा म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. जुन्या पी. बी. रोडवरच्या ज्या ट्रान्सपोर्ट कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, तिथले ते सर्वांत जुने ड्रायव्हर. सगळी कचेरी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला दिवाणजी म्हणायचे. बिल्ट्या फाडायच्या, भाड्याचा हिशेब ठेवायचा, ड्रायव्हर-क्लीनरची खाती लिहायची हे माझं काम. आता मालक हयात नाहीत, कचेरीही केव्हाच बंद पडली. मामांचं वय शहात्तर. त्यांचा भाचा ट्रक चालवतो, बेंगळूर ते पुणे. त्याचाच फोन आला होता, "काका, मामा तुमची आठवण काढतात. एकदा येऊन जावा की. माझ्या गाडीतनंच सोडतो."

सव्वाअकराला गाडी आली. "वर या काका, दांडीला हात धरून. सावकाश." केबिनमध्ये चढलो आणि डिझेल, उदबत्ती आणि घामेजलेली चादर यांचा तो ओळखीचा वास आला. सकाळी लवकर बेंगळूर सोडलेलं. पाचशे किलोमीटर झाले होते. डोळे लाल दिसत होते.

"माल काय आहे?"

"मशीनचे पार्ट आन् कॉफी. पार्टची काळजी न्हाई, जड हाईत. कॉफीची खोकी हलकी. ती हातोहात जात्यात."

ट्रकवाल्याचं मालाकडं बघणं हे असं. किंमत किती, यापेक्षा उचलायला सोपं काय, हे तो आधी बघतो.

हा आमचा पुणे-बेंगळूर रस्ता. सरकारी कागदावर तो आधी राष्ट्रीय महामार्ग 4 होता, 2010 सालच्या नव्या क्रमवारीत 48 झाला. आमच्या तोंडी मात्र अजून पी. बी. रोडच. सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी होण्याआधी हा रस्ता कसा होता, ते पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. काकती सोडलं, होनगा मागं पडलं, की वंटमुरीचा घाट. माल भरलेल्या गाड्या तिथं मुंगीच्या पावलानं चढायच्या. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली की अंधारातून माणूस मागच्या फाळक्यावर चढायचा, ताडपत्रीला ब्लेड मारायचा आणि खोकी रस्त्यावर ढकलायचा. मागचे साथीदार ती गोळा करायचे. पुढं केबिनमध्ये बसलेल्याला पत्ताही लागायचा नाही. गाव आलं, चहाला थांबलं, ताडपत्री वाऱ्यावर फडफडताना दिसली, की मग कपाळाला हात.

म्हणून मामा ताडपत्रीची दोरी स्वतः बांधायचे. हमालांना बांधू द्यायचे नाहीत. त्यांची एक वेगळी गाठ होती. कुणी सोडून पुन्हा बांधली तर तशी जमायची नाही. जिथं थांबतील तिथं आधी हातानं ती गाठ चाचपायची, मग चहा. भाच्यानं गाडी हत्तरगीच्या टोलनाक्याच्या पुढं जराशी थांबवली तेव्हा तोही उतरून मागं गेला आणि गाठ चाचपून आला. मी काही बोललो नाही.

"क्लीनर कुठं?" मी विचारलं.

"क्लीनर आता कुठं मिळतोय काका? आन् मिळाला तर त्याचा पगार कोण देतोय? दोन वर्षं झाली, एकटाच हाय."

ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पूर्वी गाडीवर दोघं असत. एक झोपला तर दुसरा जागा. आता लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्यांवर एकटा ड्रायव्हर असतो. चालवायचं त्यानंच, चाकांत हवा बघायची त्यानंच आणि रात्री राखणही त्यानंच करायची.

संकेश्वर मागं पडलं. हिरण्यकेशीच्या पुलावरून गेलो तेव्हा एक वाजत आला होता. भाचा दोन वेळा मान झटकून सावरला. मी म्हणालो, "थांब कुठंतरी. झोप जरा."

"इथं थांबत न्हाई मी. एकटा असलो की एकदम कागलच्या पुढं पंपावर. तिथं उजेड असतोय."

"आज एकटा नाहीस. मी बसतो राखणीला."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. पण पुढच्या ढाब्यावर गाडी आत घेतली. तीही कशी? मागची बाजू एका उभ्या ट्रकला जवळजवळ चिकटवून. दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या की मागचा फाळका कुणाला उघडता येत नाही. बाजूला दिव्याचा खांब. हे सगळं शिकवायला कुठली शाळा नाही. ड्रायव्हरकडून ड्रायव्हरकडं आलेलं शहाणपण आहे.

"टाकीकडं पण बघा हं. डिझेल काढत्यात," एवढं सांगून तो सीटमागच्या फळीवर आडवा झाला. दोन मिनिटांत घोरायला लागला. आपल्याकडं म्हणतात ना, भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. ती धोंड्यावरची झोप मी त्या रात्री बघितली.

मी खाली उतरलो. बाजेवर बसलो. ढाब्यावर सात-आठ गाड्या. कोण केबिनमध्ये, कोण गाडीखाली झोळी बांधून तिच्यात, कोण थेट मालावर ताडपत्रीच्या कडेला. एक म्हातारा सरदारजी कांबळं पांघरून स्टीअरिंगवरच डोकं टेकून बसला होता. मधूनच कुणीतरी उठायचं, हातात लोखंडी गज घेऊन आपल्या गाडीभोवती फेरी मारायचं आणि परत जाऊन पडायचं. सगळे झोपलेले, पण पुरता झोपलेला कुणीच नाही.

आणि तिथं, हातात कुणीतरी दिलेली काठी धरून बसलेलो असताना, 1994 सालचा तो सोमवार पुन्हा समोर उभा राहिला. तो काही आज पहिल्यांदा उभा राहिला नव्हता.

गणपती होऊन गेले होते. मामा इचलकरंजीहून कापडाच्या गाठी घेऊन शनिवारी रात्री आठला बेळगावात पोचले. त्याआधी चार दिवस सलग ते गाडीवर होते. गोडाऊन बंद झालं होतं. माल आता सोमवारी उतरणार. मामांनी गाडी गोडाऊनच्या बोळात लावली, दोर तपासला आणि किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"जाऊ काय दिवाणजी? नऊची बस मिळंल. पोरं वाट बघाय लागल्यात."

"जावा की मामा," मी म्हणालो आणि किल्ली खणात टाकली.

सोमवारी सकाळी ताडपत्री चिरलेली. चार गाठी गेलेल्या. व्यापाऱ्यानं किंमत सांगितली अठरा हजार. मामा निपाणीहून साडेनऊला आले, तोवर मालकांचा पारा चढलेला. भरल्या कचेरीत त्यांनी विचारलं, "गाडी टाकून कुणाला विचारून गेलास?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खतावणीत बघत होतो. त्या पानावर काय होतं ते आजही आठवत नाही, कारण मी वाचत नव्हतोच.

मामा म्हणाले, "माझं मी गेलो. चुकलं."

बस्स. चौकशी एवढीच झाली. पोलिसांत तक्रार गेली, पण चोर काही सापडला नाही. मालकांनी मला सांगितलं, "अठरा हजार याच्या नावे टाका." आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा. नावे आणि जमा. मामांचा पगार तेव्हा दीड हजार होता. ऑक्टोबरपासून दर महिन्याला तीनशे कापायला सुरुवात झाली. साठ हप्ते. 1999 च्या सप्टेंबरला शेवटचा. साठ वेळा ती नोंद माझ्याच हातानं झाली.

यात आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. जानेवारी 1995 मध्ये मालकांनी त्या व्यापाऱ्याशी बारा हजारांत मिटवलं आणि ते भाड्यातून वळते करून दिले. तीही नोंद मीच केली. म्हणजे नुकसान बारा हजारांचं ठरलं. मामांच्या नावे मात्र अठरा तसेच राहिले. चाळीस हप्त्यांत खातं फिटायला हवं होतं. पुढचे वीस हप्ते कशाचे? दर महिन्याला पेन टेकवताना हा प्रश्न मला पडायचा. आणि दर महिन्याला मी पेन टेकवायचो. माझीही मुलं शाळेत होती, हे मी स्वतःला सांगायचो.

निवृत्तीनंतर एका वकील स्नेह्यांकडं मी कागदपत्रं लावून द्यायला जात असे. तिथं वेळ मिळाला की पुस्तकं चाळायचो. तेव्हा जे कळलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडं माल वाहून नेणाऱ्यांचा कायदा फार जुना, 1865 चा. त्याच्या जागी 2007 चा रस्त्यावरील मालवाहतुकीचा कायदा आला आणि 1 मार्च 2011 पासून लागू झाला. दोन्हींचा गाभा एकच. भाडं ठरवून माल उचलला की तो पोचेपर्यंत जबाबदारी वाहतूकदाराची. नव्या कायद्यात सुटकेची कारणं मोजून दिली आहेत. दैवी आपत्ती, युद्ध किंवा शत्रूची कृती, दंगल, कायदेशीर जप्ती, सरकारी बंदी. यांपैकी एखादं कारण असलं, तरी योग्य काळजी घेऊन नुकसान टाळता आलं असतं तर सुटका नाही. या यादीत चोरीचं नाव नाही. म्हणजे रात्री बोळातून गाठी गेल्या तर व्यापाऱ्याला उत्तर द्यायचं ते वाहतूकदारानं. वाहतूकदार म्हणजे ज्याच्या नावाची बिल्टी फाटते तो. गाडी चालवणारा नव्हे.

मग ड्रायव्हरचं काय? त्याच्यासाठी वेगळा कायदा होता, 1936 चा, पगार देण्यासंबंधीचा. माल वाहणाऱ्या मोटारींच्या धंद्यालाही तो लागू होता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर त्यात चार अटी होत्या. माल त्या माणसाकडं सांभाळण्यासाठी खास सोपवलेला असला पाहिजे. नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळं झालेलं असलं पाहिजे. कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. 2019 च्या वेतनसंहितेतही हाच विचार पुढं आला आहे.

मी त्या दिवशी वकिलांच्या टेबलापाशी बोटं मोजली. किल्ली माझ्या खणात होती, म्हणजे सांभाळायला मामांकडं काही उरलंच नव्हतं. हयगय म्हणावी तर गाठ बांधून, सांगून, विचारून माणूस घरी गेला होता. रक्कम सहा हजारांनी जास्त. आणि बाजू मांडायची संधी? ती मी खतावणीत डोकं घालून घालवली होती. चारातली एकही अट पुरी होत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मालकांची बाजूही मला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्याच पेढीवर बसत होतो. ते म्हणायचे, "ड्रायव्हरला धाक नसेल तर निम्मा माल वाटेतच विकला जाईल." हे अगदीच खोटं नव्हतं. साखरेची पोती विकून 'चोरी झाली' म्हणून रडत येणारा ड्रायव्हर मी पाहिला आहे. भरलेली गाडी किल्लीसकट ढाब्यावर सोडून शेजारच्या गावात तमाशाला गेलेला एकजणही पाहिला आहे. पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माल विकून खाणारा हा गुन्हेगार. त्याच्यासाठी पूर्वी दंड विधानाचं 407 कलम होतं, 2024 पासून न्याय संहितेचं 316 आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. किल्ली टाकून तमाशाला गेलेला हा बेफिकीर. त्याचा पगार कापा, पण विचारून कापा. आणि काम संपवून, सांगून झोपायला गेलेला हा नुसता दमलेला माणूस. आम्ही काय करायचो? तिघांनाही एकाच पानावर नावे टाकायचो. ते सोयीचं होतं.

त्याचा परिणाम काय झाला, तो मी डोळ्यांनी बघितला. त्या चोरीनंतर मामांनी भरलेली गाडी कधी सोडली नाही. त्याच वर्षी दिवाळीत गाडी बेळगावात भरून उभी होती. दोन तासांवर घर. मामा गेले नाहीत. नरकचतुर्दशीला पहाटे मी अभ्यंगस्नान करून, घरचा फराळ डब्यात घालून गोडाऊनकडं गेलो. मामा थंडीत मालावर बसून होते. डबा घेतला, म्हणाले, "वैनींना सांगा, चकली झकास." मी लगेच निघालो. थांबणं मला जमलं नाही.

1961 साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला तेव्हा दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं ठरवून दिलं होतं. कागदावर विश्रांती आहे. पण डोक्याशी दुसऱ्याचा लाखोंचा माल आणि पगारातून कापलं जाण्याची भीती घेऊन पडलेल्या माणसाची ती विश्रांती म्हणायची का? आणि हा प्रश्न फक्त त्याचा नाही. न झोपलेला ड्रायव्हर पहाटे वीस टनांची गाडी घेऊन ज्या रस्त्यावरून जातो, त्याच रस्त्यावरून आपली मुलं रात्रीच्या बसनं पुण्याला जातात.

दोन वाजून गेले असतील. केबिनमध्ये फोन वाजला. भाचा हलला नाही. मी वर चढून उचलला.

"गाडी का थांबली? पाऊण तास झाला, हलली नाही." मालक असावेत. आता गाडीत जीपीएस असतं, मालकाला घरबसल्या दिसतं.

"ड्रायव्हर झोपलाय," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मी राखणीला बसलोय."

पलीकडं जरा शांतता. मग आवाज उतरला. "कोण नातेवाईक का? बरं, बरं. झोपू दे त्याला. मागचा दोर तेवढा बघा हं." आणि फोन बंद झाला.

मला त्या माणसाचा राग आला नाही. तोही रात्री दोन वाजता जागाच होता. त्याच्याही डोक्यावर बँकेचा हप्ता असणार. आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागतं, त्याची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. म्हणजे कायद्याची घाई नव्हती. घाई होती ती माल उघड्यावर उभा आहे याची. एकानं गाडी राखली असती, तर तिघं झोपले असते: ड्रायव्हर, मालक आणि कॉफीचा व्यापारी.

जीएसटी 2017 साली आला आणि राज्याच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी कोगनोळी-कागलच्या हद्दीवर गाड्यांच्या रांगा लागायच्या. ड्रायव्हर शिव्या घालायचे. पण मामा म्हणायचे, "रांगेत झोप चांगली लागती. पुढं गाडी, मागं गाडी, चोर कुठनं येणार?" आता रांगा गेल्या, वेळ वाचला, फास्टॅगनं टोलही चालत्या गाडीतून कापला जातो. वाचलेला वेळ मात्र ड्रायव्हरच्या झोपेत जमा झाला नाही. 2025 साली नव्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट आहे. पण केबिन गार झाली म्हणून मागच्या मालाची राखण होत नाही.

आमच्या भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना एका जुन्या कारकुनाचं सांगणं एवढंच आहे. गोडाऊनला एक ताबावही ठेवा. गाडी किती वाजता लागली, दोर-ताडपत्री कशी होती, किल्ली कुणी दिली, कुणी घेतली, दोघांच्या सह्या. चार ओळींचं काम आहे. त्या सहीनंतर ड्रायव्हरची रात्र ड्रायव्हरची. 1994 साली तशी वही असती, तर मला त्या सोमवारी मान वर करावीच लागली असती.

साडेचारला भाचा उठला. आधी मागं गेला, गाठ चाचपली, मग तोंड धुतलं. "किती दिवसांनी असा झोपलो काका," म्हणाला. डोळ्यांची लाली गेली होती. चहा घेऊन निघालो. कणगला मागं टाकून तवंदीचा घाट लागला तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. डोंगरावर जैनांचं स्तवनिधी क्षेत्र. घाटाच्या वळणांवर पोरगं एकदाही अडखळलं नाही. मी त्याच्या हाताकडं बघत बसलो होतो. मामांसारखाच हात. उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर भरवसा ठेवणारा.

निपाणीच्या फाट्यावर त्यानं मला उतरवलं. तंबाखूचा तो उग्र वास पहाटेच्या हवेत जाणवला. वडाप मिळाली. सात वाजता मामांच्या दारात होतो.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. पाय सुजलेले, पण आवाज तसाच. "या दिवाणजी! ट्रकनं आलासा म्हणं? ह्या वयात?" मामींनी पाणी आणलं. चहा झाला. मामी सांगत होत्या, "अजून रात्री दोनला उठत्यात बघा. अंगणात येऊन उभारत्यात. इचारलं तर म्हंत्यात, दोर बघून येतो. गाडी सोडून पंधरा वर्सं झाली, कसला दोर?"

मामी आत गेल्या. मी म्हणालो, "मामा, एक सांगायचं राहिलंय." आणि सांगितलं. 'जावा की' मीच म्हणालो होतो ते. बारा हजारांत मिटलं होतं ते. वीस हप्ते जास्तीचे होते ते. सांगताना मी जमिनीकडं बघत होतो, हे लक्षात आलं तेव्हा मान वर केली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बारा हजारांचं मला तवाच म्हाईत हुतं. त्या शेठच्या हमालानं सांगिटलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? तुमाला? तुमची बी नोकरीच हुती की." मामांनी पायावरचं पांघरूण नीट केलं. "पैशाचं काय न्हाई, दिवाणजी. पैसा फिटला. पर त्या दिवशी तुमी एकदा माझ्याकडं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मालक गेले, पेढी गेली, वह्या रद्दीत गेल्या. ते सहा हजार आता कुणाच्या नावे टाकायचे? खरं तर उत्तर मला माहीत होतं.

मामांनीच विषय बदलला. "पोरगं झोपलं काय रात्री?"

"झोपलं. तीन-साडेतीन तास. चांगलं गाढ."

"आन् गाडी?"

"मी बसलो होतो राखणीला."

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग आत वळून मामींना हाक मारली, "अगं ए, सोप्यात अंथरूण घाल. दिवाणजी रातभर जागल्यात. जरा पडू देत."